सहा इंच

जायरोप्लेनच्या डोक्यावर गरगरणारी पाती इंजिन फिरवत नाही. हेलिकॉप्टरं पाहत मोठ्या झालेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. इंजिन पायलटच्या पाठीमागे असतं आणि त्याला जोडलेला पंखा यंत्राला नुसता पुढे ढकलतो. डोक्यावरची पाती किंचित मागे कललेली असतात. यंत्र पुढे निघालं की त्यांच्यातून खालून वर वारा जातो, तो वाराच त्यांना फिरवतो आणि फिरणारी पाती यंत्राला तोलून धरतात. तोलायचं काम वाऱ्याचं, ढकलायचं इंजिनाचं. त्यामुळे आकाशात इंजिन बंद पडलं तरी पाती थांबत नाहीत. यंत्र खाली येऊ लागतं, येताना खालचा वारा पात्यांना फिरतं ठेवतो आणि पायलटने डोकं शांत ठेवलं तर एखाद्या शेताच्या कोपऱ्यात ते उतरतं.

मग जायरोवर माणसं मेली ती कशी? पुष्कळ जण इंजिन व्यवस्थित चालू असताना मेले. हे मला ज्यांनी सांगितलं त्यांना मी मिस्त्री म्हणेन. सत्तरी ओलांडलेला माणूस, जन्मभर शेतीची अवजारं आणि मळणीची अजस्र यंत्रं दुरुस्त केलेला. वॉर्सॉपासून जवळच, मक्याच्या शेतांत त्यांचं घर आहे आणि घरामागे जुना लाकडी बार्न.

वॉर्सॉ म्हणजे पोलंडची राजधानी नव्हे. इंडियाना राज्यातलं, आपल्याकडच्या लहानशा तालुक्याच्या गावाएवढं हे गाव. पण जगात ज्यांचे गुडघे आणि खुबे बदलले जातात, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या अंगात या गावाचं काम असतं. १८९५ साली रेव्हरा डिप्यू नावाच्या माणसाने इथे मोडलेल्या हाडांना बांधायच्या फायबरच्या पट्ट्या बनवायला सुरुवात केली. तोवर डॉक्टर लाकडाच्या फळ्या बांधत. त्याच्याकडचा विक्रीप्रमुख जस्टिन झिमर १९२७ मध्ये बाहेर पडला आणि त्याने ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचा स्वतःचा कारखाना काढला. पुढे एकातून एक कारखाने निघत गेले आणि कृत्रिम सांध्यांची राजधानी असं गावाचं नाव झालं. मी अशाच एका कारखान्यात गुडघे बनवतो. बायकोला लोक विचारतात, नवरा काय करतो, तर ती हेच सांगते आणि लोक पुढे काही विचारत नाहीत.

वॉर्सॉच्याच कौंटीत मेंटोन नावाचं गाव आहे. चौकाजवळ काँक्रीटचं प्रचंड अंडं उभं केलंय, कारण एके काळी इथून अंडी जात. लॅरी बेल १८९४ मध्ये याच गावात जन्मला. १९४७ साली ध्वनीचा वेग ओलांडणारं पहिलं विमान आणि नागरी वापराचा परवाना मिळालेलं पहिलं हेलिकॉप्टर, ही दोन्ही त्याच्या कंपनीची. आणि बेलच्या गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर बरीच वर्षं उन्हाळ्यात घरी बांधलेल्या जायरोंची जत्रा भरते. मी तिथे पहिल्यांदा मुलाला अंडं दाखवायला म्हणून गेलो होतो. अंड्यापुढे तो दोन मिनिटं उभा राहिला, धावपट्टीवर संध्याकाळपर्यंत. मिस्त्री तिथेच भेटले, एका उघड्यावाघड्या यंत्राशेजारी घडीच्या खुर्चीवर बसलेले.

ते यंत्र त्यांनी तरुणपणी, सत्तरच्या दशकात, बेन्सनच्या नकाशांवरून बांधलेलं. इगोर बेन्सन १९१७ मध्ये रशियातल्या रोस्तोव्हला जन्मला, वयाच्या विशीत अमेरिकेत आला आणि न्यू जर्सीत होबोकनच्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमध्ये शिकला. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलीमध्ये त्याने कारखाना काढला आणि सामान्य माणसाला गॅरेजमध्ये बांधता येईल असा जायरो विकायला काढला. चौकोनी ॲल्युमिनियमचे पाइप कापायचे, भोकं पाडायची, बोल्ट आवळायचे. वेल्डिंगची गरजच नाही. मासिकांतून जाहिराती यायच्या आणि शेतकरी, मेकॅनिक, शाळामास्तर नकाशे मागवायचे. अमेरिकेत त्याआधी जायरो हे श्रीमंतांचं प्रकरण होतं. १९३१ च्या एप्रिलमध्ये हॅरल्ड पिटकेर्नच्या कंपनीचं एक ऑटोजायरो थेट व्हाइट हाउसच्या हिरवळीवर उतरलं होतं, राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्या हस्ते पारितोषिक होतं म्हणून. त्याच महिन्यात अमीलिया इअरहार्टने तसल्याच यंत्रातून अठरा हजार फुटांवर जाऊन उंचीचा विक्रम केला. बेन्सनने ते हिरवळीवरून उचलून गॅरेजमध्ये आणलं.

मात्र या सगळ्याचा मूळ पुरुष स्पेनचा, ह्वान दे ला सिएर्वा. विमान हळू झालं की पंखांची पकड सुटते आणि ते कोसळतं, या एका गोष्टीने त्याला पछाडलं होतं. त्याने बांधलेलं मोठं विमान असंच पडलं होतं. त्यातून त्याला सुचलं की विमान हळू झालं तरी पंख फिरतेच राहिले तर? त्याची पहिली यंत्रं उडण्याआधीच आडवी पडायची, कारण वाऱ्याकडे जाणारं पातं जास्त उचलायचं आणि मागे येणारं कमी. मग त्याने पात्यांना बिजागऱ्या लावल्या, म्हणजे पाती आपापली वरखाली होऊन फरक जिरवतात. १९२३ च्या जानेवारीत माद्रिदजवळ त्याचं यंत्र उडालं. तो स्वतः मात्र १९३६ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर मेला, धुक्यात उड्डाण करताना पडलेल्या साध्या प्रवासी विमानात. अशी गोष्ट कुणी कादंबरीत घातली तर संपादक काढून टाकेल.

मिस्त्रींच्या यंत्रावर मॅक्युलकचं इंजिन होतं. हा रॉबर्ट मॅक्युलक करवती बनवायचा, झाडं कापायच्या. लंडन ब्रिज विकत घेऊन, दगड सुटे करून ॲरिझोनाच्या वाळवंटात परत उभारणारा अमेरिकन तो हाच. त्याच्या कारखान्यात ७२ हॉर्सपॉवरचं चार सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन बनायचं आणि ते बसायचं लष्कराच्या लक्ष्य-विमानांत. म्हणजे तोफखान्याने नेम धरून पाडावं म्हणूनच उडवलेल्या, बिनमाणसाच्या विमानांत. ज्याने पडायचंच आहे त्याचं इंजिन किती टिकावं याची कोण काळजी करणार? ही इंजिनं लष्करी मोडीत स्वस्त मिळायला लागली आणि बेन्सनच्या गिऱ्हाइकांनी ती पाठीशी बांधली. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं, मागे उभं राहून हाताने पंखा मारायचा. सुरू झालं की बार्नमधली कबुतरं तिसऱ्या शेतात जायची. हल्ली त्याचे सुटे भाग मिळेनात आणि मिस्त्रींच्या खांद्यात पंखा मारण्याचं बळ राहिलं नाही. म्हणून त्यांनी रोटॅक्सचं ५८२ इंजिन घेतलं. ऑस्ट्रियात बनलेलं, टू-स्ट्रोकच, पण पाण्याने थंड होणारं. बटण दाबलं की सुरू होणारं आणि गिअरबॉक्ससकट.

मला वाटलं होतं, जुनं उतरवायचं, नवं चढवायचं, वायरी जोडायच्या; दोन-चार शनिवारचं काम. शिवाय नवं इंजिन कागदावर थोडं अशक्तच आहे, ६४ हॉर्सपॉवर. त्याने असं काय बिघडणार?

पंख्याने बिघडवलं. मॅक्युलकचा पंखा थेट इंजिनाच्या दांड्यावर, मिनिटाला चार हजारांवर फेरे घेणारा. इतक्या वेगाने फिरवायचा तर तो लांब ठेवता येत नाही, टोकं ध्वनीच्या वेगाजवळ जातात आणि ताकद आवाजात वाया जाते. म्हणून चार फुटी पंखा. रोटॅक्स साडेसहा हजार फेरे मारतं, पण मधला गिअरबॉक्स पंख्यापर्यंत त्यातले अडीच हजारच पोचवतो. मग पंखा पाच फुटी घेता येतो आणि तो सावकाश, जास्त हवा मागे लोटतो. हॉर्सपॉवर कमी असून धक्का जास्त. इथवर सगळा फायदाच. पण पंख्याच्या खालून यंत्राचा कणा, म्हणजे शेपटीपर्यंत जाणारा पाइप, गेलेला असतो. पंखा बारा इंचांनी मोठा झाला म्हणजे त्याचा मध्य सहा इंच वर न्यावा लागणार, नाहीतर तो कण्याला लागेल. मध्य वर म्हणजे इंजिन वर. आणि इंजिन वर म्हणजे धक्काही सहा इंच वरून.

जायरोवर माणसं मेली ती या इंचांमुळे. धक्क्याची रेष, म्हणजे थ्रस्ट लाइन, यंत्राच्या गुरुत्वमध्याच्या वरून गेली तर धक्का नाकाला खाली दाबत असतो. एरवी वरची पाती यंत्राला धरून असतात, म्हणून ते कळत नाही. पण पायलटने काठी एकदम पुढे लोटली किंवा वाऱ्याचा तसा झोका आला की पात्यांवरचा भार क्षणभर हलका होतो. धरणारा हात सुटला आणि ढकलणारा तसाच आहे. नाक खाली जातं, वारा आता पात्यांच्या वरून येतो, पाती मंदावतात आणि यंत्र कोलांटी खातं. सारं एक-दोन सेकंदांचं काम. त्या घडीला पहिला उपाय म्हणजे थ्रॉटल बंद करणं, पण घाबरलेल्या माणसाचा हात नेमका उलटा जातो. १९८० आणि ९० च्या दशकांत टू-स्ट्रोक इंजिनं आणि मोठे पंखे सर्रास बसू लागले, तेव्हा अमेरिकेत अशा मृत्यूंची रांग लागली. पुढे ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणासाठी ग्लासगो विद्यापीठात संशोधन झालं. त्याचा गाभा असा की धक्क्याची रेष आणि गुरुत्वमध्य यांच्यातलं अंतर दोन इंचांच्या आत ठेवा. मिस्त्रींनी तो आकडा बार्नच्या दारावर खडूने लिहून ठेवलाय.

तर आधी कळायला हवं की गुरुत्वमध्य आहे कुठे. त्यासाठी यंत्र टांगतात. वरची पाती काढून ठेवतात आणि पाती ज्या बोल्टवर झुलतात त्या बोल्टातून साखळी ओवून सगळं धूड तुळईला लटकवतात. टाकीत इंधन आणि सीटवर पायलट, पूर्ण पेहरावात, हेल्मेट आणि बूट घालून. कारण पायलट हा यंत्राचा भाग आहे, आणि एवढ्या हलक्या यंत्रात सर्वांत जड भाग. टांगलेलं यंत्र स्थिर झालं की बोल्टापासून ओळंबा सोडायचा आणि बाजूला बांधलेल्या पुठ्ठ्यावर रेघ मारायची. गुरुत्वमध्य त्या रेघेवर कुठेतरी आहे. मग फ्रेमवरच्या दुसऱ्या बिंदूतून टांगायचं, यंत्र वेगळ्या कोनात कलतं, पुन्हा ओळंबा, पुन्हा रेघ. दोन रेघा जिथे छेदतात तिथे वजन. आठवीत मास्तरांनी पुठ्ठ्याचा वेडावाकडा तुकडा टाचणीला लटकवून हेच करायला लावलं होतं. या वेळी त्या तुकड्यात सत्तरीतला एक माणूस बसला होता आणि त्याची बायको बार्नच्या दारातून विचारत होती की जेवायला खाली उतरणार की ताट वर पाठवू.

ओळंबा माझ्या हाती होता, वडिलांच्या घराच्या बांधकामातला, पितळी. का कोण जाणे मी तो इंडियानात घेऊन आलो होतो. पुठ्ठ्यावरचा छेद धक्क्याच्या रेषेखाली चार इंचांहून जास्त निघाला. मिस्त्री वरूनच म्हणाले, "पाहिलंस? हे यंत्र मला मारणार होतं, आणि मी त्याला नवं इंजिन आणून देत होतो."

आता इंजिन खाली येत नाही, तेव्हा वजन वर न्यायचं. सीट उचलली. सीटबरोबर टाकी. सीट वर गेली तर पाय पेडलला पुरत नाहीत, म्हणून पेडल वर. डोकं पात्यांच्या जवळ गेलं म्हणून मधला खांब उंच केला. खांब उंच म्हणून काठीपासून पात्यांपर्यंतचे दांडे नवे, आणि उंच यंत्र वळताना कलंडेल म्हणून चाकं दूर. जुन्या शेपटीला आडवी पट्टी नावापुरती होती, तिथे मोठी, पंख्याच्या झोतात येणारी आडवी शेपूट बसवली, म्हणजे नाक खाली झुकायला लागलं की ती मागून आवरते. इंजिन बदलायला घेतलं होतं, ते सोडून बाकी सगळं बदलत गेलं.

यात मला माझ्या धंद्यातलं काही दिसत होतं. गुडघा बदलताना सर्जन नुसता झिजलेला भाग काढून धातूचा बसवत नाही. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत एक रेष कल्पायची, शरीराचं वजन तिच्यावरून जमिनीत उतरतं. पाय बाहेर वाकलेला असेल तर ती रेष गुडघ्याच्या आतल्या कडेवरून जाते आणि तीच कड झिजते. सांधा बसवायचा तो अशा बेताने की रेष मधोमध यावी. आईचे दोन्ही गुडघे मिरजेला बदलले. चार महिन्यांनी तिला भेटायला गेलो तर गुडघ्यांबद्दल तिची काही तक्रार नव्हती. कंबर दुखते म्हणाली, आणि चपला बदलून आण म्हणाली. तिच्या जुन्या चपलांच्या टाचा बाहेरच्या कडेने झिजलेल्या होत्या, वाकड्या पायांच्या हिशेबाने. सरळ झालेले पाय त्यांत बसेनात. गुडघे कारखान्यात बनवणाऱ्या मला हे पुस्तकातून माहीत होतं, पण चपलांचं कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

इतका बदल केल्यावर यंत्र उडवायला परवानगी कोणाची? अमेरिकेची याबाबतची रीत मला अजून गंमतीची वाटते. निम्म्याहून जास्त काम तुम्ही हौसेने, शिकण्यासाठी स्वतः केलं असेल तर सरकार त्याला प्रायोगिक म्हणून नोंदवतं आणि यंत्रावर ठळक अक्षरांत एक्सपेरिमेंटल असं लिहायला लावतं. तुमची रचना शहाणपणाची आहे का, हे कोणी फारसं विचारत नाही. इंजिन बदलण्यासारखा मोठा बदल केला की तो नोंदवहीत लिहायचा, विमान प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाला कळवायचं, चाचणीचा इलाखा ठरवून घ्यायचा आणि त्या इलाख्यात निदान पाच तास एकट्याने उडायचं, वस्तीपासून दूर. मथितार्थ असा की तुला मरायचं असेल तर तुझी मर्जी, खाली कोणी असता कामा नये. ऐकायला निष्ठुर आहे. पण वर्षानुवर्षं पाहून मला त्यात एक प्रकारची सभ्यता दिसू लागली आहे.

कारण आपल्याकडचे दोन दाखले मला विसरता येत नाहीत. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ मध्ये मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिलं, नोंदणी मिळाली २०१७ च्या नोव्हेंबरात आणि उडवण्याची परवानगी त्यानंतर आणखी दोन वर्षांनी. त्यांना निदान दार ठाऊक होतं, आणि ते ठोठावत राहण्याची चिकाटी होती. यवतमाळ जिल्ह्यात फुलसावंगीच्या एका चोवीस वर्षांच्या कारागिराला ते दारही नव्हतं. कूलर आणि कपाटं बनवणाऱ्या त्या पोराने मारुती ८०० चं इंजिन घेऊन हेलिकॉप्टर बांधलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये रात्री जमिनीवरच चाचणी घेताना मागचा छोटा पंखा तुटला, वरच्या पात्याला लागला आणि ते पातं त्याच्या डोक्यात बसलं. वर्तमानपत्रांनी त्याला सिनेमातल्या नायकावरून रँचो म्हटलं. त्याला त्या रात्री अंधारात पंखा फिरवू नको असं म्हणणारा एखादा मिस्त्री हवा होता. पंख्यापासून लांब उभं राहणारी माणसं, आधी झालेल्या अपघातांची नोंद आणि ती वाचायला लावणारी एखादी उन्हाळी जत्रा हवी होती. मेंटोनला जमणारे म्हातारे उडतात कमी. दुसऱ्याच्या यंत्राभोवती फिरून कुठला बोल्ट ढिला आहे, कुठली पिन उलटी घातली आहे हे पाहण्यातच त्यांचा दिवस जातो. प्रायोगिक म्हणून मोकळीक देणारा कायदा या म्हाताऱ्यांच्या जिवावर चालतो, असं माझं मत आहे.

मिस्त्रींनी पुन्हा टांगून पाहिलं तेव्हा अंतर दोन इंचांच्या आत आलं होतं. त्यांनी आधी नुसतं जमिनीवरून पळवलं, मग धावपट्टीवर फूट-दोन फुटांच्या उड्या मारल्या, मग एका शांत सकाळी मक्यावरून मोठा फेरा घेतला. नव्या पंख्याचा आवाज जाडा, खालच्या पट्टीतला. कबुतरं बार्नमध्येच बसून राहिली. थ्रॉटल एकदम वाढवला तरी नाक हललं नाही, हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर लग्न जमल्यासारखा आनंद होता.

पण चढताना पाणी तापतं. सुई तांबड्या रेघेच्या फार जवळ जाते. रेडिएटर पायलटच्या पाठीआड, झोत अडतो अशा जागी आहे, तो काढून मागे आणि खाली न्यावा लागेल. पाण्यासकट त्याचं वजन काही थोडं नाही. तो खाली नेला तर गुरुत्वमध्य पुन्हा खाली आणि मागे. त्यातच मिस्त्रींचं पोट उन्हाळ्यात बिघडलं होतं आणि त्यांचं वजन बारा पौंडांनी उतरलंय. त्यांच्या बायकोने त्यावर रुबार्बच्या पायचा उतारा सुरू केला आहे, पण मिस्त्री म्हणतात, मी पाय खाऊन भरेपर्यंत थंडी येईल, त्यापेक्षा आहे त्या वजनावर हिशेब करू. काल त्यांचा फोन आला. शनिवारी तुळई मोकळी आहे, तो पितळी ओळंबा घेऊन ये.